आकाराकडून अवस्थेकडे : नेत्रकोटरातील दाहाचे मूल्यमापन आणि चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा

१

नेत्रकोटर, म्हणजे बोलीभाषेत ज्याला डोळ्याची खोबण म्हणतात ते, मानवी शरीरातील मोठे अडचणीचे स्थान आहे. चहूंबाजूंनी हाडांच्या भिंती, मागे निमुळते होत गेलेले शिखर आणि केवळ पुढची बाजू मोकळी, अशी त्याची रचना असते. प्रौढ माणसात त्याचे घनफळ सुमारे ३० घन सेंटिमीटर भरते. त्यापैकी सुमारे ७ घन सेंटिमीटर जागा नेत्रगोल व्यापतो. उरलेल्या जागेत डोळा हलविणारे स्नायू, दृक्-तंत्रिका, रक्तवाहिन्या, अश्रुग्रंथी आणि या सर्वांना वेढून राहिलेली चरबी दाटीवाटीने वसलेली असते. अशा बंदिस्त जागेत दाहामुळे सूज आली म्हणजे तिला पसरावयास वाव मिळत नाही. एक तर नेत्रगोल पुढे ढकलला जातो, नाही तर मागे शिखरापाशी दृक्-तंत्रिका दाबली जाऊन दृष्टी मंदावते. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकदम घडतात.

असा रुग्ण समोर आला असता वैद्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. खोबणीत काय वाढले आहे आणि किती, हा पहिला प्रश्न. हा आकाराचा प्रश्न होय. जे वाढले आहे त्यात दाह अद्याप धगधगत आहे, की तो शमून मागे केवळ व्रण उरला आहे, हा दुसरा प्रश्न. हा अवस्थेचा प्रश्न होय. उपचाराच्या दृष्टीने दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व पहिल्याहून तसूभरही कमी नाही. स्टेरॉइड औषधे किंवा किरणोपचार यांचा उपयोग मुख्यतः दाह चालू असताना होतो. तो शमल्यावर दिलेली तीच औषधे रोग्याला मधुमेह, अस्थिभंग किंवा जंतुसंसर्ग यांच्या धोक्यात मात्र लोटतात. उलटपक्षी, तिरळेपणावरील शस्त्रक्रिया दाह चालू असताना केली तर स्नायूची स्थिती पुढे पुन्हा बदलते आणि केलेले श्रम वाया जातात. तेव्हा एखाद्या माणसाची दृष्टी वाचणे वा न वाचणे पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

नेत्रकोटराच्या दाहाचा जवळजवळ दोन शतकांचा इतिहास पाहिला, तर पहिल्या प्रश्नाची उत्तरे क्रमाक्रमाने सुधारत गेली आणि दुसरा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित राहिला, असे दिसून येते. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा, म्हणजे जिला आज सर्वत्र एमआरआय या नावाने ओळखतात, तिचे या इतिहासातील खरे स्थान या दुसऱ्या प्रश्नाच्या संदर्भातच नीट कळते. ही पद्धती अधिक रेखीव चित्रे काढते, एवढेच सांगून थांबणे म्हणजे तिचे निम्मेच वर्णन करणे होय.

२

डोळे बाहेर येणे आणि गळ्यातील अवटू ग्रंथी सुजणे यांचा संबंध प्रथम इंग्लंडमधील बाथ येथील वैद्य केलेब हिलियर पॅरी यांच्या लक्षात आला. त्यांनी १७८६ साली पाहिलेल्या रुग्णाचे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ साली प्रसिद्ध झाले. डब्लिन येथील रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली आणि जर्मनीतील मेर्झबुर्ग येथील कार्ल फोन बाझेडो यांनी १८४० साली स्वतंत्रपणे याच विकाराची वर्णने केली. ग्रेव्ह्ज यांच्या वर्णनात नेत्रगोलच मोठा झाल्यासारखा दिसतो, असे नोंदलेले आहे. बाझेडो यांनी मात्र आपल्या लेखाच्या शीर्षकातच नेत्रोत्सेधाचे कारण खोबणीतील ऊतकाची वाढ हे असल्याचे सांगून टाकले. डोळा मोठा होत नाही, त्याच्या मागचे काही तरी वाढते, हा विचार येथे स्पष्टपणे मांडला गेला. परंतु मागे नेमके काय वाढते हे जिवंत माणसात पाहण्याचा मार्ग त्या काळी नव्हता.

बाहेरून मोजता येत होते ते एवढेच, की डोळा किती पुढे आला आहे. त्यासाठी एर्न्स्ट हेर्टेल यांनी १९०५ साली तयार केलेले आरशांचे मापक इतके सोयीचे ठरले, की त्याचा वापर आजही चालू आहे. त्याच १९०५ सालाशी आणखी एक गोष्ट निगडित आहे. जर्मन नेत्रवैद्य आर्थर बिर्श-हिर्शफेल्ड यांनी अशा रुग्णांकडे लक्ष वेधले, की ज्यांच्या खोबणीत अर्बुद असल्याचा सर्वांचा ग्रह झालेला असतो, परंतु शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहता दाहाच्या कोशिकांखेरीज काही आढळत नाही. या विकाराला छद्मार्बुद हे नाव पडले. या नावातच त्या काळच्या निदानाची मर्यादा प्रकट झाली आहे. बाहेरून पाहता अर्बुद आणि दाह यांत भेद करता येत नव्हता, आणि हा भेद न कळल्यामुळे ज्याला औषधांनी किंवा नुसत्या काळाने आराम पडला असता असा डोळा कर्करोगाच्या भीतीने काढून टाकण्याचे प्रसंगही ओढवत.

शस्त्रवैद्यांनी आपल्या परीने खोबणीचे दार उघडले होते. झुरिच येथील रुडॉल्फ क्र्योनलाइन यांनी १८८८ च्या सुमारास खोबणीची बाहेरची भिंत दूर सारून आत जाण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तिचाच आधार घेऊन युलिउस डॉलिंगर यांनी १९११ साली अवटूजन्य नेत्रविकारात दाबलेल्या डोळ्याला जागा करून दिली. १९३१ साली सान फ्रान्सिस्को येथील हॉवर्ड नॅफझिगर यांनी कवटीच्या बाजूने खोबणीचे छप्पर काढले, तेव्हा त्यांना आतील स्नायू कित्येक पटींनी फुगलेले आढळले. बाझेडो यांच्या तर्काला अशा रीतीने प्रत्यक्षाचा आधार मिळाला, आणि वाढीचा मोठा भाग चरबीबरोबर स्नायूंचाही असतो हे दिसून आले. परंतु हे दर्शन शस्त्रक्रियेच्या मेजावरचे होते. ज्याला शस्त्रक्रिया हवी की नको हेच ठरवावयाचे आहे, त्याला या ज्ञानाचा तादृश उपयोग नव्हता.

३

अवस्थेचा प्रश्न नीटपणे मांडण्याचे श्रेय बऱ्याच अंशी ऑस्ट्रेलियन शस्त्रवैद्य फ्रान्सिस फेलिक्स रंडल यांच्याकडे जाते. रंडल आणि विल्सन यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अवटूजन्य नेत्रविकाराच्या रुग्णांची मोजमापे दीर्घकाळ पुनःपुन्हा घेतली होती. त्यांवरून असे दिसले, की विकार काही काळ वाढत जातो, मग स्थिरावतो, आणि त्यानंतर थोडासा उतरून कायमचा एका पातळीवर राहतो. हा आलेख पुढे रंडल यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. या आलेखातील मर्म असे, की चढत्या बाजूवरील एखादा बिंदू आणि सपाट बाजूवरील एखादा बिंदू एकाच उंचीवर असू शकतात. दोन रुग्णांचे डोळे सारखेच पुढे आलेले असतील, पण एकाचा दाह ऐन भरात असेल आणि दुसऱ्याचा केव्हाच विझलेला असेल. हेर्टेल यांचे मापक या दोघांच्या बाबतीत एकच आकडा दाखवील.

अवटूजन्य नेत्रविकाराची जी वर्गवारी सिडनी वर्नर यांनी १९६९ साली केली, तिच्यातही ही उणीव राहिली. पापण्या, मऊ ऊतके, नेत्रोत्सेध, स्नायू, पारदर्शक पटल आणि दृष्टी अशा चढत्या पायऱ्यांनी ती विकाराची तीव्रता सांगते. विकार चालू आहे की थांबला आहे, याविषयी ती मौन पाळते. दरम्यान उपचार पुढे गेले होते. स्टॅनफर्ड येथे डोनल्डसन, बॅगशॉ आणि क्रिस यांनी १९७३ साली खोबणीवरील किरणोपचाराचे अनुभव प्रसिद्ध केले. काही रुग्णांना उपचार लागू पडत आणि काहींना पडत नसत. हा फरक कशामुळे पडतो, हे जाणून घेण्याची निकड त्यामुळे वाढली.

प्रतिमांचे साहाय्य या वेळेपर्यंत तुटपुंजे होते. राँटगेन यांनी १८९५ साली शोधलेले क्ष-किरण खोबणीच्या भिंती दाखवीत, आतील मऊ ऊतके दाखवीत नसत. श्राव्यातीत ध्वनीचा नेत्रपरीक्षेतील उपयोग १९५६ पासून सुरू झाला. परंतु खोबणीच्या शिखरापर्यंत त्याची दृष्टी पोचत नव्हती. खरा पालट घडला तो गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या संगणकीय छेदचित्रणाने. लंडनच्या विम्बल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र घेण्यात आले. नेत्रकोटराला हे तंत्र जणू जन्मतःच अनुकूल होते. कारण क्ष-किरणांना चरबी काळी आणि स्नायू करडा दिसतो, आणि खोबणीत चरबीच्या पार्श्वभूमीवर स्नायू आपोआप उठून दिसतात. १९७६ साली एन्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेव्ह्ज-विकारातील स्नायूंची चित्रे प्रसिद्ध केली. १९७९ साली ट्रोकेल आणि हिलाल यांनी फुगलेल्या स्नायूंच्या आकारावरून निदानभेद कसा करावा याची चर्चा केली. अवटूजन्य विकारात स्नायूचे पोट फुगते आणि नेत्रगोलाला चिकटणारी कंडरा सहसा बारीक राहते. स्नायूच्या स्वतंत्र दाहात कंडराही जाड होऊ शकते, हा नियम या काळात रूढ झाला.

अशा रीतीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९८० च्या सुमारास जवळजवळ पूर्णत्वास पोचले होते. तथापि दुसरा प्रश्न होता तेथेच होता. पाण्याने फुगलेला स्नायू आणि तंतूंनी जाड झालेला स्नायू छेदचित्रात सारख्याच करड्या छटेचे दिसत. त्या दोहोंतील फरक आकारात नव्हता. तो पाण्यात होता.

४

पाण्याची भाषा जाणणारे शास्त्र मात्र वैद्यकापासून दूर, भौतिकीच्या प्रयोगशाळांत वाढत होते. १९४६ साली स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉख आणि हार्व्हर्ड येथे एडवर्ड पर्सेल यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह स्वतंत्रपणे असे दाखविले, की प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थातील प्रोटॉन विशिष्ट कंप्रतेच्या रेडिओतरंगांना प्रतिसाद देतात. १९५२ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना याच कार्यासाठी देण्यात आले. विचलित झालेले प्रोटॉन पूर्वस्थितीवर येण्यास जो वेळ घेतात, त्याला शिथिलन-काल म्हणतात. तो दोन प्रकारचा असतो : क्षेत्राच्या दिशेने चुंबकन पूर्ववत होण्याचा पहिला, आणि प्रोटॉनांची परस्परांशी जुळलेली लय मोडण्याचा दुसरा. पाणी कोशिकेत बांधलेले आहे की मोकळे आहे, यावर हे दोन्ही काल अवलंबून असतात. ऊतकात मोकळे पाणी वाढले की दुसरा शिथिलन-काल लांबतो. पाणी हटून तेथे घट्ट तंतू आले की तो आखूड होतो.

१९७१ साली रेमंड दमाडियन यांनी उंदरांच्या अर्बुदांत हे काल लांबलेले आढळल्याचे प्रसिद्ध केले आणि यावरून कर्करोग ओळखता येईल, अशी आशा व्यक्त केली. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्रात हेतुपुरस्सर उतार ठेवून पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र काढून दाखविले, आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी चित्रणाची गणिती व व्यावहारिक बाजू विकसित केली. २००३ सालचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. त्यातून दमाडियन यांना वगळल्याचा वाद पुढे पुष्कळ गाजला. त्या वादाशी येथे कर्तव्य नाही. परंतु दमाडियन यांच्या आशेचे जे झाले ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. लांबलेला शिथिलन-काल ही कर्करोगाची खूण ठरली नाही. कारण साध्या सुजेतही, दाहातही तो तसाच लांबतो. कर्करोगाच्या शोधात जे वैगुण्य ठरले, तेच दाहाच्या शोधात गुण ठरले. जे माप अर्बुदाची ओळख पटवू शकले नाही, ते सुजेतील पाण्याची ओळख पटवू शकत होते.

५

ही शक्यता नेत्रकोटरात प्रत्यक्षात येण्यास तीन अडचणी होत्या. पहिली अडचण लहानपणाची. खोबणीतील स्नायू केवळ काही मिलिमीटर जाड असतात, आणि संपूर्ण डोक्याभोवतीच्या मोठ्या ग्राहक वेटोळ्यात त्यांचा संकेत क्षीण पडे. १९८० नंतरच्या दशकात डोळ्याजवळ ठेवावयाची लहान पृष्ठ-वेटोळी तयार झाली आणि १.५ टेस्ला क्षेत्राच्या यंत्रांवर खोबणीची सूक्ष्म चित्रे मिळू लागली. १९८७ साली अ‍ॅटलस आणि सहकाऱ्यांनी याच साधनाने छद्मार्बुदाची चित्रे प्रसिद्ध केली. शिवाय रुग्णाची मान न वळविता कोणत्याही प्रतलात छेद घेता येत असल्याने, समोरून पाहिल्याप्रमाणे चारही सरळ स्नायूंचे आडवे छेद एकाच चित्रात तोलून पाहता येऊ लागले.

दुसरी अडचण चरबीची. क्ष-किरणांच्या छेदचित्रणात जी चरबी पार्श्वभूमी म्हणून उपकारक ठरली होती, तीच येथे अपकारक ठरली. चुंबकीय चित्रांत ती स्वतःच इतकी तेजस्वी दिसते, की तिच्या झळाळीत सुजेचा उजेड हरवून जातो. या अडचणीवर लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ग्रेम बिडर आणि त्यांचे सहकारी इयान यंग यांनी १९८५ साली मांडलेला उपाय साधा आणि चतुर होता. प्रोटॉनांचे चुंबकन प्रथम उलटे करावयाचे. ते पूर्ववत होत असताना प्रत्येक ऊतक एका क्षणी शून्यातून जाते. चरबीचा पहिला शिथिलन-काल आखूड असल्याने ती लवकर, १.५ टेस्लावर सुमारे १५० ते १७० सहस्रांश सेकंदांत शून्यावर येते. नेमक्या त्या क्षणी वाचन सुरू केले तर चरबी काळी पडते आणि पाणी धरून असलेले ऊतक लखलखून दिसते. या क्रमाला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून स्टर म्हणतात. चरबी आणि पाणी यांच्या कंप्रतांतील सूक्ष्म अंतराचा उपयोग करून दोहोंची चित्रे वेगळी काढण्याची दुसरी युक्ती टॉमस डिक्सन यांनी १९८४ सालीच सुचविली होती. तिचा सर्रास वापर मात्र पुढे झाला.

तिसरी अडचण दाहातील रक्तप्रवाहाची. सुजेतील पाणी दिसले तरी रक्तवाहिन्या किती गळत आहेत हे कळत नव्हते. गॅडोलिनियम या धातूचे रेणूत बंदिस्त केलेले द्रव्य १९८८ साली रुग्णांसाठी उपलब्ध झाले. ते शिरेतून दिल्यावर जेथे जिवंत आणि गळक्या रक्तवाहिन्या आहेत, ते ऊतक उजळते. मात्र हे द्रव्य ऊतकाचा पहिला शिथिलन-काल आखूड करीत असल्याने ते दिल्यावर स्टर-क्रम वापरणे धोक्याचे असते. उजळावयाचे ऊतकच चरबीप्रमाणे शून्यावर येऊन लपण्याचा त्यात संभव असतो. अशा वेळी चरबी दाबण्याच्या इतर रीती वापराव्या लागतात. तंत्रज्ञाचे हे बारकावे लक्षात न घेता नुसते चित्र वाचणाऱ्याची फसगत कशी होते, याचे हे चांगले उदाहरण होय.

६

साधन हाती आल्यावर त्याची परीक्षा सुरू झाली. १९८९ साली होस्टन आणि सहकाऱ्यांनी अवटूजन्य विकारातील चुंबकीय चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९१ साली माइन्झ येथील युस्ट, कहाली आणि इतरांनी किरणोपचारापूर्वी स्नायूंचा दुसरा शिथिलन-काल मोजून असे दाखविले, की ज्यांचा काल लांबलेला होता त्यांना उपचार अधिक लागू पडला. १९९२ साली जपानमधील हिरोमात्सु आणि सहकाऱ्यांनी प्रतिकारशामक उपचारांच्या बाबतीत असेच भाकीत-मूल्य असल्याचे मांडले. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १९९४ पासून स्टर-चित्रांतील स्नायूच्या तेजाचे गुणोत्तर काढून त्याची रोगाच्या सक्रियतेशी सांगड घालण्यात आली. यंत्रायंत्रांतून तेजाचा आकडा बदलतो; म्हणून स्नायूची तुलना त्याच चित्रातील मेंदूच्या श्वेत द्रव्याशी किंवा कानशिलाच्या स्नायूशी करण्याची पद्धत पडली.

या अभ्यासांचे फलित कशाशी ताडून पाहावयाचे, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही. ताडण्याचे एक माप १९८९ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे मूरित्स, कोर्नेफ, विर्सिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले होते. वेदना, लाली, सूज आणि कार्यहानी या दाहाच्या प्राचीन लक्षणांवर ते आधारलेले होते. यांपैकी पहिली तीन लक्षणे, उष्णतेसह, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस यांच्या ग्रंथात आढळतात. उष्णता खोबणीत मोजता येत नाही, म्हणून ती वगळली. उरलेल्यांची दहा लक्षणे करून प्रत्येकाला एक गुण दिला. चार किंवा अधिक गुण पडले तर विकार सक्रिय मानावयाचा. पुढे पहिल्याच भेटीत वापरण्यासाठी यांतील सात लक्षणे निवडून तीन गुणांची मर्यादा ठरविण्यात आली.

येथे एक तर्कदोष डोकावतो. चुंबकीय प्रतिमा खरी की खोटी हे गुणांकावरून ठरवावयाचे. परंतु प्रतिमेची गरजच मुळी गुणांकाला न दिसणारा दाह पाहण्यासाठी होती. ज्याच्या पापण्या पांढऱ्या व शांत आहेत, पण ज्याच्या खोल स्नायूंत पाणी भरले आहे, अशा रुग्णात प्रतिमा आणि गुणांक यांचा मेळ बसला नाही, तर चूक कोणाची? मेळ बसला तर प्रतिमा अनावश्यक, न बसला तर अविश्वसनीय, असा हा पेच होता. यातून वाट काढणारा निकष एकच होता : उपचारानंतर काय घडले. म्हणून माइन्झ आणि जपान येथील अभ्यासांचे मोल अधिक मानावे लागते. त्यांनी प्रतिमेला जुन्या मापाशी न ताडता पुढे घडणाऱ्या गोष्टीशी ताडले. अर्थात लहान रुग्णसमूह, यंत्रांतील भिन्नता आणि मर्यादेच्या आकड्यांविषयी एकवाक्यता नसणे या कारणांनी त्या निष्कर्षांना सार्वत्रिक नियमाचे रूप येऊ शकले नाही.

७

अवटूजन्य विकाराबाहेर प्रतिमेची कसोटी आणखी कठीण झाली. बिर्श-हिर्शफेल्ड यांच्या छद्मार्बुदाचे साम्राज्य हळूहळू आकसत गेले. कारण त्यातून निश्चित कारणांचे विकार एकेक करून वेगळे काढले गेले. जपानी संशोधकांनी २००१ पासून रक्तातील आयजीजी-४ या प्रतिपिंडाशी निगडित अशा दाहाचे वर्णन केले आणि अश्रुग्रंथींच्या जुन्या सुजांपैकी कित्येक त्यात मोडतात असे दिसून आले. या विकारात खोबणीच्या तळाशी गालाकडे जाणारी तंत्रिका जाड झालेली चुंबकीय चित्रांत दिसते, ही एक उपयुक्त खूण ठरली. लसीकार्बुद आणि दाह यांच्यातील जुना घोटाळा सोडविण्यासाठी पाण्याच्या रेणूंच्या विसरणाचे मापन कामी आले. कोशिका दाटीने भरलेल्या लसीकार्बुदात पाण्याला हालचालीस जागा कमी मिळते, आणि दाहात ती तुलनेने अधिक असते. २००९ साली कपूर, सेपहदारी आणि सहकाऱ्यांनी हा भेद सविस्तर मांडला. तरीही संशय उरल्यास ऊतकाचा तुकडा काढून तपासणे हाच अखेरचा निर्णय राहिला आहे. प्रतिमेने डोळे काढण्याचे अनावश्यक प्रसंग टाळले, सूक्ष्मदर्शकाची गरज टाळली नाही.

या साधनाची सर्वांत निकराची परीक्षा २०२१ साली भारतात झाली. कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत, अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडांचा वापर यांच्या पार्श्वभूमीवर म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य विकार झपाट्याने पसरला. लोकांनी त्याला काळी बुरशी हे नाव दिले. महाराष्ट्र आणि गुजरात या राज्यांत त्याचे रुग्ण फार मोठ्या संख्येने आढळले, आणि मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने हा विकार अधिसूचित करण्यास राज्यांना सांगितले. नाकातून आणि सायनसांतून ही बुरशी खोबणीत शिरते, रक्तवाहिन्यांत घुसून त्या बुजविते आणि ऊतक मृत करते. डोळा काढावा की खोबणीत थेट औषध टोचून तो वाचविण्याचा यत्न करावा, हा निर्णय तासांत नव्हे तरी एकदोन दिवसांत घ्यावा लागे.

येथे प्रतिमा-वाचनाची नेहमीची दिशा उलटली. इतरत्र गॅडोलिनियमने उजळणारे ऊतक चिंतेचे असते. येथे न उजळणारे ऊतक अधिक भयंकर होते. उजळणे म्हणजे दाह, पण दाह म्हणजे जिवंत रक्तप्रवाह. नाकातील शंखिका किंवा खोबणीतील चरबी द्रव्य देऊनही काळीच राहिली, तर तेथील रक्तप्रवाह थांबून ऊतक मेले आहे असा त्याचा अर्थ होई. अवस्था पाहण्यासाठी घडविलेले साधन येथे अवस्थेच्या शेवटच्या टोकाला, जिवंत आणि मृत यांच्या सीमेवर वापरले गेले. बिर्श-हिर्शफेल्ड यांच्या काळात दाह न ओळखल्याने डोळा काढला जाण्याची भीती होती. २०२१ साली मृत ऊतक वेळीच न ओळखल्याने डोळ्याबरोबर प्राणही जाण्याची भीती होती.

८

या इतिहासाचा शेवटचा टप्पा आकार-अवस्था या विभागणीलाच प्रश्न विचारतो. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत टेप्रोटुमुमॅब या औषधाला अवटूजन्य नेत्रविकारासाठी मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ही मान्यता आधारलेली होती, तिच्यात रुग्णांची निवड अ‍ॅमस्टरडॅमच्या गुणांकावर झाली, आणि मुख्य फलित म्हणून २४ आठवड्यांनी नेत्रोत्सेध किमान २ मिलिमीटरने कमी होणे हे मोजण्यात आले. तेही हेर्टेल यांच्या जातीच्या मापकाने. चुंबकीय प्रतिमांचा तीन दशकांचा अनुभव गाठीशी असताना निर्णायक ठरले ते १९०५ चे आरशाचे साधन आणि पापण्यांची लाली. यावरून प्रतिमा-शास्त्र निरुपयोगी ठरले असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. जे माप सर्व रुग्णालयांत एकसारखे निघते, तेच सार्वत्रिक चाचणीत टिकते. आणि शिथिलन-कालाच्या आकड्यांना ती एकरूपता आजही पूर्णपणे लाभलेली नाही.

परंतु पुढे आणखी एक गोष्ट घडली. दीर्घकाळ स्थिरावलेल्या, गुणांक नगण्य असलेल्या रुग्णांतही हे औषध नेत्रोत्सेध उतरविते असे दिसून आले, आणि एप्रिल २०२३ मध्ये विकाराची सक्रियता वा कालावधी न पाहता ते वापरण्यास तेथे मुभा देण्यात आली. ज्याला रंडल यांच्या आलेखाची सपाट बाजू समजत, ती तितकी निर्जीव नसावी, असे यातून सूचित होते. मग अशा रुग्णाच्या स्नायूत काय उरले आहे? ते पाणी आहे, की चरबी, की तंतू? या प्रश्नाचे उत्तर ना मापक देऊ शकते, ना पापण्यांची लाली. चरबी आणि पाणी वेगवेगळे मोजणारी आणि शिथिलन-काल ठिकठिकाणी नोंदवणारी चुंबकीय प्रतिमा या ठिकाणी पुन्हा अपरिहार्य होते.

एकंदर इतिहास ध्यानात घेता, प्रतिमा आली आणि निदानाचा प्रश्न सुटला, असे सरळ रेषेतील कथन येथे लागू पडत नाही. बाझेडो यांनी तर्काने, नॅफझिगर यांनी हाताने आणि हाऊन्सफील्ड यांच्या यंत्राने क्ष-किरणांनी जे शोधले, ते वाढलेल्या ऊतकाचे रूप होते. चुंबकीय अनुस्पंदनाने त्या रूपातील पाणी दाखविले, आणि पाण्याच्या द्वारे काळ दाखविला : दाह नवा आहे की जुना, ऊतक जिवंत आहे की मृत. या उत्तरांची विश्वसनीयता यंत्राच्या सामर्थ्यापेक्षा ती कशाशी ताडून पाहिली यावर अधिक अवलंबून राहिली आहे. गॅडोलिनियम देऊन स्टर-क्रम वापरणारा तंत्रज्ञ आणि गुणांकालाच अंतिम सत्य मानणारा संशोधक हे दोघे एकाच प्रकारची चूक करीत असतात. समोर दिसणारी गोष्ट कोणत्या अटींवर दिसते आहे, हे दोघेही विसरतात. खोबणीतील दाहाचा पुढील अभ्यास करणाऱ्याला या दोन शतकांच्या अनुभवातून प्रथम घ्यावयाचा धडा हाच आहे.